सेफमामा आणि बुधवारची बंद गाडी

आमच्या गल्लीत एके काळी अशी कुजबुज होती की सेफमामा दर बुधवारी दुपारी तीन ते चार दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीत जाऊन बसतात. काचा वर. गाडी जागची हलत नाही. दोघं पुढच्या सीटवर, एकमेकांकडे न बघता, तासभर. चार वाजता मामा उतरतात, बाई निघून जातात, आणि दोघांचेही चेहरे पडलेले असतात.

"भांडण असणार," लाँड्रीवाली म्हणाली.

"भांडायला आधी जवळीक लागते," तिची जाऊ म्हणाली. झालं, कुजबुजीला पाय फुटले आणि ती गल्लीभर चालायला लागली.

सेफमामा म्हणजे माझे भावोजी, माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा. गल्लीला मामा, मला भावोजी. आता माझी पंचाईत बघा. भावोजींची थट्टा करायचा परवाना मला त्यांच्या लग्नमांडवातच मिळालेला, पण ही थट्टा अशी की ताईच्या कानावर गेली असती तर घरात आधी भांडी आपटली असती आणि मग मी. म्हणून मी गप्प होतो. म्हणजे, मी स्वतःला गप्प समजत होतो.

भावोजींचा धंदा मोटारींच्या रेडिओचा. टायरवाल्याच्या शेजारी त्यांचा गाळा, इतका अरुंद की गाडी आत घेतली तर गाडीचं दार उघडत नसे. त्यामुळे सगळं काम रस्त्यावर, बरोबर माझ्या चष्म्याच्या दुकानासमोर. गाळ्यात फक्त फळ्या, आणि फळ्यांवर लोकांच्या गाड्यांतून काढलेले जुने रेडिओ. प्रत्येकाच्या गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी. नवा बसवून गेलेला माणूस महिन्याभरात पस्तावून परत येतो, असा भावोजींचा अनुभव होता, म्हणून जुना ते महिनाभर सांभाळून ठेवत. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी दोन वाकवलेल्या तारा. रेडिओच्या दोन्ही बाजूंच्या भोकांत त्या सरकवल्या की अख्खा रेडिओ खणासारखा बाहेर येतो. आणि हातात कायम एक पिवळं फडकं, स्पिरिटात भिजवलेलं. या माणसाला स्वच्छतेचं वेड. समोर आलेली वस्तू आधी पुसायची, मग ती काय आहे ते बघायचं. ताई म्हणते, लग्नात हार घालायच्या आधी यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता फडकं काढतात.

सेफमामा हे नाव कसं पडलं, तेही सांगतो. त्या काळी रेडिओचोर फार. काच फोडायची, रेडिओ उपटायचा, विकून मोकळं व्हायचं. म्हणून गाड्या बनवणाऱ्यांनी कारखान्यातच रेडिओला कुलूप घातलं. बॅटरीची तार एकदा सुटली की तो रेडिओ मालकालाही ओळखत नाही, चार आकड्यांचा कोड मागतो. चुकलात की पडद्यावर 'सेफ' अशी अक्षरं येतात आणि स्वारी तासभर तोंड मिटून बसते. तो तासही गाडीची किल्ली चालू असेल तरच मोजला जातो. किल्ली काढली की तास पुन्हा पहिल्यापासून. दहा चुका झाल्या की कायमचा मुका. चोर केव्हाच पसार झालेले असत, अडकत ते मालक. आणि ते मालक येत आमच्या भावोजींकडे.

"कोड आहे?" भावोजींचा पहिला प्रश्न.

"आहे ना, मामा!"

"कुठे आहे?"

"गाडीतच. रेडिओच्या मागे चिकटवून ठेवलाय, हरवू नये म्हणून."

एका गृहस्थांनी कोड म्हणून लग्नाची तारीख ठेवली होती. बायको शेजारीच उभी. चुकले आणि पडद्यावर 'सेफ' आलं, तेव्हा भावोजी खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, रेडिओ सेफ आहे. तुमचं मला सांगता येत नाही." त्या दिवसापासून ते सेफमामा.

खरी कमाई होती ती जुना काढून नवा बसवण्यात. नव्याला चौकट कापायची, तारांना तारा जुळवायच्या, अर्ध्या तासात गिऱ्हाईक खूश. पण भावोजी आधी जुन्यालाच संधी देणार. "विचारून तर बघू, बोलतो का," म्हणायचे. जणू रुसलेला पाहुणा.

अशा माणसाकडे एका बुधवारी डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या. बुधवारी दुपारी त्यांचा दवाखाना बंद असे. गाडी जुनी, गडद हिरवी, त्यांच्या वडिलांची. वडील शेजारच्या सीटवर. हे वीजकंपनीत चाळीस वर्षं घरोघर जाऊन मीटर वाचत होते, म्हणून गावात त्यांना मीटरआजोबा म्हणत. नजर जवळजवळ गेलेली. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, माझ्या दुकानातल्या कुठल्याच काचेचा इलाज नसलेला. आयुष्यभर मान वर करून मीटर बघितल्यामुळे मानही कायमची दुखणारी.

तक्रार साधी होती. आवाज कमीजास्त करायचा खटका खरखरत होता.

"बॅटरी सोडवावी लागेल," भावोजी म्हणाले. "कोड आहे?"

मीटरआजोबा हसले. "अहो, मला विचारता? तिसऱ्या गल्लीतल्या कोपऱ्यावरच्या घराचा मीटर नंबर सांगू? त्यांच्या वरच्या मजल्याचा सांगू? एकदा ऐकलेला आकडा या डोक्यातून बाहेर जात नाही. कोड मीच ठेवलाय, माझ्या हाताने."

भावोजींनी विश्वास ठेवला. एवढ्या आत्मविश्वासापुढे कोण कागद मागणार? बॅटरी सोडवली, तारा सरकवल्या, रेडिओ बाहेर काढला, खटका साफ केला. आणि सवयीने, अगदी सवयीने, रेडिओचं अख्खं अंग स्पिरिटच्या फडक्याने पुसून लख्ख केलं. परत बसवला.

"सांगा, आजोबा."

"तीन आठ एक सहा."

पडद्यावर सेफ.

"थांबा, थांबा. ते छापखान्याचं मीटर." आजोबांनी कपाळ चोळलं. तासभर थांबले सगळे. "हं, आता आलं. सात शून्य दोन नऊ."

सेफ.

"हे बहुतेक शाळेचं."

भावोजी मनातून निवांत होते. मालकाने कोड विसरावा आणि रेडिओच्या अंगावर कारखान्यातून चिकटवलेल्या चिठ्ठीतला नंबर कंपनीला कळवून, कुलूप उघडणारा कंपनीचा कोड मागवावा, हे त्यांचं रोजचं काम. त्यांनी रेडिओ पुन्हा बाहेर काढला, आडवा केला, चष्मा लावला. चिठ्ठी होती. तिच्यावर काही नव्हतं. कारखान्यात उष्णता देऊन उमटवलेली ती अक्षरं, स्पिरिट लागलं की जातात. भावोजींना हे माहीत होतं. वीस वर्षं माहीत होतं. वीस वर्षं ते तेवढी जागा सोडून पुसत आले होते, आणि त्या दिवशी आजोबांच्या मीटरांच्या गप्पा ऐकता ऐकता हात फिरला.

हल्ली म्हणे रेडिओतली चिप वाचून कोड काढतात. तेव्हा ते यंत्र आमच्याकडे नव्हतं.

त्यांनी लपवलं नाही, हे मात्र सांगायला हवं. म्हणाले, "आजोबा, चूक माझी. नवा बसवून देतो, माझ्याकडून." आणि चांगल्यातला एक आणून आजोबांच्या हाती दिला. सपाट, चकचकीत. आजोबांनी त्याच्यावर बोट फिरवलं. बोटाला काही लागलंच नाही.

"हे काय, आरसा आहे?"

दुसरा आणला, बटणांचा. बटणं तांदळाच्या दाण्याएवढी, सगळी एकसारखी. आजोबांनी चाचपलं, परत दिला, आणि अगदी शहाण्यासारखं म्हणाले, "बसवा हो, कुठलाही बसवा. सवय होईल."

बाई भावोजींना दोन पावलं बाजूला घेऊन म्हणाल्या, "मामा, ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हणताहेत. जेवायला वाढते मी, कपडे काढून ठेवते मी, रस्ता ओलांडून देते मी. दिवसभरात कुणालाही न विचारता ते एकच गोष्ट करतात. गाडीत बसले की तो रेडिओ लावतात. पहिलं बटण बातम्या, दुसरं जुनी गाणी, चौथं नाटक. बोटांना पाठ आहे. त्यासाठीच तर मी त्यांना फिरवून आणते."

भावोजींनी नवे दोन्ही रेडिओ परत खोक्यात घातले. "मी मुका केलाय," म्हणाले, "मीच बोलता करीन."

दोन चुका झाल्या होत्या. दहावी झाली की संपलं.

मग सुरू झाले ते बुधवार. बाई गाडी घेऊन यायच्या, रेडिओचा तास मोजला जावा म्हणून किल्ली चालू ठेवायच्या, आणि चालू किल्लीची गाडी रस्त्यात सोडून जाता येईना म्हणून तिथेच बसायच्या. शेजारच्या सीटवर भावोजी, मांडीवर वही. आजोबा मागे. टायरवाल्याची ठोकाठोक आत येऊ नये म्हणून काचा वर. आजोबा बोलायचे आणि भावोजी त्यांच्या बोलण्यातून आकडे वेचायचे. पहिल्या नोकरीचा बिल्ला. सायकलचा नंबर. बदलीचं साल. लेकीचा शाळेतला हजेरीक्रमांक. आजोबांचं डोकं म्हणजे आकड्यांचं गोदाम, त्यात हवा तेवढा एकच कुठे पडलाय हे कळेना. तास भरला की त्यातला एक निवडायचा, बटणं दाबायची, आणि 'सेफ' बघून खाली उतरायचं. सात बुधवार असे गेले. वहीत दोनशेच्या वर आकडे जमले. पडद्यावर नऊ चुका दिसत होत्या.

भावोजी वाळले. घरी जेवता जेवता मध्येच थांबायचे आणि पुटपुटायचे, "गिरणीचं नाही, दवाखान्याचं नाही..."

"काय दवाखान्याचं?" ताई विचारायची.

"काही नाही."

चूक कबूल केलेला माणूस, पण बायकोकडे कबूल करायला धजेना. वीस वर्षं तिने सांगितलं होतं, फडकं जरा खाली ठेवा. आणि नेमकी त्याच आठवड्यात कुजबुज ताईच्या कानावर गेली. बुधवार, बंद गाडी, दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई. कुणी सांगितलं ते शेवटी सांगेन, घाई करू नका.

आठव्या बुधवारी साडेतीनला मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट बसवून बघत होतो, तर समोरून ताई. हातात डबा. दुपारी साडेतीनला डबा कुणाला हो? पदर खोचलेला. मी गिऱ्हाइकाचं नाक सोडून दारात आलो. ताई सरळ गाडीकडे गेली, पुढच्या काचेतून आत एक नजर टाकली, आणि मागचं दार उघडून धपकन आत बसली.

दोन किंकाळ्या ऐकू आल्या. एक ताईची. दुसरी पुरुषाची, पण भावोजींची नव्हे.

पुढचं मी ताईच्या तोंडून ऐकलंय, आणि ताई मीठमसाला लावत नाही. तो आमच्या घरात माझ्या वाट्याला आलाय.

"अहो बाई, पाय आहेत ते माझे!" मागच्या सीटवरून आवाज आला.

"तुम्ही कोण?" ताई.

"मी या डॉक्टरीणीचा बाप. तुम्ही कोण?"

"मी या रेडिओवाल्याची बायको."

"मग बसा ना. पण जरा तिकडे."

भावोजींना पळायला जागा नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. फडकं, चिठ्ठी, नऊ चुका. ताईने ऐकून घेतलं. रागवायला आली होती ते विसरली, कारण तिला रागवायला दुसरं, जास्त चांगलं कारण मिळालं.

"दोनशे आकडे लिहिलेत?" तिने वही हातात घेतली. "छापखाना, शाळा, बिल्ला, सायकल. सात आठवडे आकडाच विचारताय यांना. कोड ठेवला तेव्हा गाडीत कोण होतं, हे विचारलंत का कुणी?"

पुढच्या सीटवरची दोघं एकमेकांकडे बघायला लागली.

आजोबा मान सावरत उठून बसले. मग म्हणाले, "आमची ही होती. गाडी नवी आणली तो दिवस." आणि हळूहळू त्यांना एकेक दिसायला लागलं. "मी म्हटलं, बिल्ल्याचा नंबर ठेवतो. तर म्हणाली, तो साऱ्या गावाला ठाऊक आहे. म्हणाली, गावातल्या प्रत्येक घराचा आकडा तुमच्या डोक्यात, तेवढा आपल्याच घराचा नाही. तोच ठेवा, म्हणजे या निमित्ताने तरी पाठ होईल."

"आपल्या मीटरचा?" बाई मागे वळल्या. "तो तुम्हाला येत नाही?"

"कसा येणार? स्वतःच्या घराचं मीटर वाचायचं नाही, असा कंपनीचा नियम. दुसरा माणूस यायचा. मी चाळीस वर्षं त्या मीटरकडे मान वर करून बघितलं नाही. त्या दिवशी ती सांगत गेली, मी बटणं दाबत गेलो. नंतर रेडिओने कधी विचारलंच नाही." मग म्हणाले, "आणि ती असताना मला पाठ करायची गरज नव्हती."

"पण ते मीटर बदललं, बाबा. आता नवीन आहे."

"मागची लाकडी फळी? तिच्यावर रंगाने नंबर लिहायचे आमचे लोक. ती काढली?"

"नाही. तिच्या खिळ्याला मी छत्री अडकवते."

रेडिओचा तास भरत आला होता. किल्ली काढायची नाही, हे ठरलेलं. आणि आमच्या गल्लीने आठ आठवड्यांत पहिल्यांदा पाहिलं की ती हिरवी गाडी भावोजींसकट हलली, आणि तिच्यात मागे आमची ताई बसलेली. लाँड्रीवालीची इस्त्री एका विजारीवर तशीच राहिली. विजारीचं जे व्हायचं ते झालं.

बाईंच्या घरी जिन्याखाली भावोजींनी छत्री काढली, टॉर्च मारला आणि फळीवर हात फिरवला. धूळ होती. खिशातलं फडकं आपोआप बाहेर आलं.

"अहो!" ताई एवढ्यांदा ओरडली की फडकं खाली पडलं. तिने स्वतः तोंडाने फुंकर मारली. हिरव्या रंगात सात आकडे दिसले. तीन एक सात शून्य चार सहा दोन.

सात आकडे. कोड चारचा. आणि प्रयत्न एक.

"पहिले चार की शेवटचे?" भावोजी म्हणाले. गाडीत येऊन आजोबांना विचारलं, तर आजोबा म्हणाले, "आठवत नाही हो. खोटं कशाला सांगू?"

"तुम्ही घरी मीटर कसं बोलायचात?" ताईने विचारलं. "अख्खं?"

"छे. सात आकडे कोण बोलतं? आम्ही शेवटचे चारच बोलायचो."

"मग शेवटचे चार," ताई म्हणाली. "नवऱ्याच्या धंद्याची भाषा बायकोच्या तोंडात बसते. माझा कुकर उघडला नाही तर मी म्हणते, सेफ झालाय."

भावोजींनी आजोबांना उठवून पुढच्या सीटवर बसवलं. स्वतः दाराशी गुडघ्यावर. "तुम्हीच दाबा," म्हणाले. "माझा हात पुन्हा मध्ये नको." आजोबांची बोटं बटणांवर गेली, एकेका आकड्याला एक बटण, हवा तो आकडा येईपर्यंत दाबायचं. पहिल्या आकड्याला शून्य. मग चार, ओठांतल्या ओठांत मोजत. मग सहा. मग दोन. बोट जरा अडलं, आणि त्यांनी कोड पक्का करायचं बटण दाबलं.

खर्रर्र.

नुसती खरखर. आजोबांनी दुसरं बटण दाबलं, जुन्या गाण्यांचं. खरखर. चौथं. खरखर. त्यांचा हात मांडीवर आला. "गेला का हो?"

भावोजी मात्र दाराशी बसल्या बसल्या खदखदून हसत होते आणि डोळे पुसत होते, बाहीने, कारण फडकं जिन्याखाली होतं. "अहो, मुका असता तर खरखर कुठून आली असती? उघडला! बॅटरी सुटली की स्टेशनं पुसली जातात, एवढंच. फिरवा ती चकती."

आजोबांनी चकती फिरवली. पहिला आवाज लागला तो सांडपाण्याच्या पाइपांच्या जाहिरातीचा. चौघांनी ती जाहिरात शेवटपर्यंत ऐकली. मग आजोबांनी एकेक स्टेशन शोधून स्वतःच्या हाताने ज्याच्या त्याच्या बटणावर बसवलं. बातम्या पहिल्यावर, गाणी दुसऱ्यावर, नाटक चौथ्यावर. भावोजी सांगायला गेले, तर म्हणाले, "तुम्ही थांबा हो जरा."

खटका अजून थोडा खरखरत होता. भावोजींनी खिशातल्या तारांना हात घातला.

"राहू द्या," आजोबा म्हणाले. "एवढं चालतं मला."

त्यानंतर भावोजी कुठलाही रेडिओ बाहेर काढला की आधी चिठ्ठीवरचा नंबर वहीत उतरवायचे, मोठ्याने वाचायचे, आणि मगच फडकं घ्यायचे. ताईने फडक्याची जागा ठरवून दिली, गाळ्याच्या दाराबाहेर, खिळ्यावर. हिरवी गाडी अजून कधीकधी आमच्या गल्लीतून जाते. काच खाली असते आणि आत दुसरं बटण चालू असतं. भावोजी काम सोडून बघत राहतात. ताई म्हणते, "बघा, बघा. सात आठवडे बसलात तिथे, एकदा मला विचारलं असतंत तर?"

आता राहिली ती कुजबुज. ताईला ती सांगितली माझ्या बायकोने. माझ्या बायकोला मी, कुणाला सांगू नको म्हणून. लाँड्रीवालीलाही मीच. खरं एवढंच होतं की गाडीत दोन नव्हे, तीन माणसं असायची. तिसरा मान दुखते म्हणून मागच्या सीटवर आडवा पडलेला असायचा. माझ्या दुकानातून तो दिसत नव्हता, आणि मी रस्ता ओलांडून बघायला गेलो नाही.